सोहोनी सरांचा वाकणारा कागद

सोहोनी सरांनी माझा छापखाना पहिल्यांदा बुडवला तो अठ्ठ्याण्णव सालच्या लग्नसराईत. त्यानंतर दर वर्षी ते तो नेमाने बुडवत राहिले. माझं दुकान बाजारपेठेच्या टोकाला आणि सरांचं घर मागच्या गल्लीत. कॉलेजात फिजिक्स शिकवून निवृत्त झालेल्या या माणसाला सकाळच्या चहानंतर कुणाचा तरी पाणउतारा केल्याशिवाय दिवस सुरू झाल्यासारखा वाटत नसे, आणि त्यांना सगळ्यात जवळ मीच पडत होतो.

त्या दिवशी मी ट्रेडलवर, म्हणजे पायाने चालवायच्या छपाईयंत्रावर, लग्नपत्रिका छापत होतो. सर आत आले, छत्री काउंटरला टेकवली आणि इंग्रजी मासिकातून कापलेलं एक पान माझ्या ओल्या पत्रिकांवर खुशाल ठेवून दिलं.

"छापखाना," ते म्हणाले, "आवर आता सगळं. कागद मेला."

मला ते नावाने कधी हाक मारत नसत. मी त्यांचा विद्यार्थी होतो, नापास झालेला, त्यामुळे नाव लक्षात ठेवण्याच्या लायकीचा नव्हतो. माझ्याकडे बोट दाखवून त्यांनी मला नवा कागद समजावून सांगितला.

"साबुदाणा बघितलायस ना? त्याहून कितीतरी बारीक गोळ्या, डोळ्याला दिसणार नाहीत अशा. गोळीच्या आत तेल. तेलात पांढरे कण आणि काळे कण. खालून वीज दिलीस की पांढरे वर येतात, उलटी दिलीस की काळे. पांढरे वर आले की कोरं पान, काळे वर आले की अक्षर. आणि वीज काढून घेतलीस तरी जे वर आलेत ते वरच बसतात. अक्षर जात नाही. कळलं?"

"कळलं," मी म्हणालो. "पण मग शाई कुठं लावायची?"

"तुझ्या डोक्याला."

हा कागद म्हणे चटईसारखा गुंडाळता येणार, रुमालासारखा खिशात जाणार, अख्खं वाचनालय एका पानात मावणार आणि रोजचं वर्तमानपत्र त्याच पानावर आपोआप उमटणार. मी मासिकाचं पान हातात घेऊन बघितलं. एक गोरा गृहस्थ समुद्रकाठी बसून हसतहसत स्क्रीनची सुरळी सोडवत होता, पण ते चित्र होतं, हाताने काढलेलं. ज्या वस्तूचा अजून फोटोसुद्धा काढता येत नाही, तिच्या भरवशावर दुसऱ्याचा धंदा बुडाला म्हणून सांगत फिरणाऱ्या माणसाला काय म्हणावं? मी सुकत घातलेल्या पत्रिकांवर त्यांच्या बोटांचे ठसे उठले होते तेवढ्या बाजूला काढल्या.

सर दिसायला काटक, उंच. पांढरा शर्ट कोपरापर्यंत दुमडलेला, उन्हात-पावसात तीच काळी छत्री. तुमच्याकडे ते कधी सरळ बघत नसत. कोंबडी दाण्याकडे बघते तशी मान कलती करून एका बाजूने बघत. नवख्या माणसाला वाटे, आपल्याला तुच्छ लेखतायत. त्यात निम्मी चूक होती. डोळ्यांच्या पडद्याचा मधला भाग झिजत चालला होता, त्यामुळे समोरचं पुसट आणि कडेचं स्वच्छ दिसायचं, म्हणून ती मान. उरलेली निम्मी तुच्छता मात्र अस्सल होती.

डोळ्यांचं त्यांनी लपवून ठेवलं नव्हतं. लपवणं त्यांना कमीपणाचं वाटे. मिरजेच्या डॉक्टरांनी काय सांगितलं ते त्यांनी वर्गात सांगावं तसं मला उभ्याउभ्या सांगितलं. आधी बारीक अक्षर जाईल, मग मध्यम, मग मोठं. किती दिवसांत, ते सांगता येत नाही. उपाय नाही.

"आता ऐक," सर म्हणाले. "या नव्या कागदावर अक्षर हवं तेवढं मोठं करता येतं. हा कागद आधी आला तर मी वाचीन. डोळे आधी गेले तर नाही. शर्यत लागलीय, एवढंच."

एवढंच, असं ते म्हणाले खरं, पण वाचन हा त्यांचा एकमेव शौक होता. पान नाही, तंबाखू नाही, नाटकसुद्धा नाही. काकूंनी, म्हणजे सरांच्या बायकोने, एकदा पेपर वाचून दाखवते म्हटलं, तर म्हणाले, "दुसऱ्याने चावून दिलेला घास मला गिळायचा नाही." भिंग आणून दिलं तर म्हणाले, "शितं मोजून भात खायला सांगतेस?" आणि शेजारच्यांच्या पोराने कॉम्प्युटरवर अक्षर मोठं करून दाखवलं, तेव्हा त्या प्रकाशाने डोळ्यांतून पाणी आलं आणि ते त्याच्यावरच खेकसले, "दिव्याकडे टक लावून बसायला मी काय पतंग आहे?" म्हणजे येऊन-जाऊन तो कागदच हवा. दिव्यासारखा न पेटणारा, उन्हात वाचता येणारा, आणि कुठल्या तरी परदेशी प्रयोगशाळेत अर्धवट शिजलेला.

त्यांचा अमेरिकेतला पुतण्या श्रीधर त्यांना ही कात्रणं पाठवायचा. प्रत्येक कात्रणात तो कागद पुढच्या वर्षी येणार असायचा. पुढच्या वर्षी नवं कात्रण यायचं, त्यात आणखी पुढच्या वर्षी. मध्यंतरी तो शर्टाच्या बाहीवर येणार होता, मग भिंतीवर चिकटवायला येणार होता, मग फोन म्हणून पानाच्या पुडीसारखा घडी होणार होता. आमच्याकडे लग्न ठरवणारे मध्यस्थसुद्धा इतक्या वेळा शब्द फिरवत नाहीत. मला त्या कंपन्यांचा मनापासून तिटकारा आला होता. एका म्हाताऱ्याचे डोळे त्यांच्या वायद्यांवर टांगलेले आहेत याची त्यांना कल्पना असण्याचं कारण नव्हतं, हे मला कळत होतं. तरी तिटकारा कमी होत नव्हता.

पण सर नुसती वाट बघणारे नव्हते. कॉलेजात ओव्हरहेड प्रोजेक्टरला लागतात तसली एक पारदर्शक शीट त्यांनी घेतली, तिची सुरळी करून रबर लावलं आणि ती खिशात बाळगायला लागले. बँकेत, एस.टी. स्टँडवर, मासळी बाजारात, कुणीही सापडला की रबर काढायचे, शीट सोडवायचे, हातात धरून तिच्याकडे वाचल्यासारखं बघायचे, मग पुन्हा गुंडाळून खिशात. "हे असं," म्हणायचे. बस, एवढंच प्रात्यक्षिक. मंडणगडच्या एका लग्नात ऐन मंगलाष्टकांच्या वेळी त्यांनी मुलाच्या मामाला ते करून दाखवलं. मामाला वाटलं अंगावर काही तरी शिंपडायचा विधी आहे, त्याने डोकं पुढे केलं. मी तिथेच होतो. मला हसू आवरेना.

सराव त्यांचा एवढा झाला होता की पुढे नुसत्या बोटांनी ती शीट एका झटक्यात सुरळी व्हायची. हे लक्षात ठेवा, कारण पुढे तो झटकाच नडला.

आमचं गाव अशा माणसाला टाळ्या देतं. ऐकण्यात कुणाला रस नसतो, पण टाळ्या भरपूर. वाचनालयाच्या वर्धापनदिनाला सरांचं व्याख्यान ठेवलं, विषय ‘कागदाचा मृत्यू’. त्याची हँडबिलं अर्थात मीच छापली, गुलाबी कागदावर. सरांनी प्रूफ तीनतीनदा तपासलं आणि प्रत्येक वेळी मला गाढव ठरवलं. व्याख्यान रंगात आलं आणि वीज गेली. त्या काळात ती रोज जायची, त्यात नवल नव्हतं. पण सरांना जणू देवाने साक्ष दिली.

"बघा!" अंधारातून त्यांचा आवाज आला. "गेली ना वीज? टीव्ही मेला, कॉम्प्युटर मेला. पण माझ्या कागदावरची अक्षरं अशा वेळीसुद्धा जागच्या जागी राहतील!"

टाळ्या. मग मागच्या बाकांवरून कुणीतरी पूर्णगडकडच्या हेलात विचारलं, "पन सर, ती दिसतील कशी काळोखात?"

त्याला आणखी टाळ्या. सर कसले डगमगतायत.

"कंदील लावून," ते म्हणाले. "तुझ्या आज्याने पुस्तकाला लावला होता तसा. आज्याने पुस्तक बघितलं असेल तर."

त्यालाही टाळ्या. वीज आल्यावर अध्यक्षांनी सरांना नारळ दिला आणि वाचनालयाला पाच नवी लाकडी कपाटं मंजूर झाल्याची घोषणा केली, पुस्तकं ठेवायला. कुणालाच त्यात काही विचित्र वाटलं नाही. सर घरी जाताना मला म्हणाले, "या गावात उद्या सूर्य विझला म्हणून सांगितलं तरी आभारप्रदर्शन होईल." हे मात्र मला पटलं.

माझ्या दुकानातली प्रूफं ते न सांगता तपासत. वाटेल ती, लग्नाची, बारशाची, आंब्याच्या पेट्यांवरची लेबलं. एक वेलांटी सुटली तरी माझ्या घराण्याचा उद्धार. हे काम ते फुकट करत आणि अपमान वर देत. मग एका वर्षी एका लग्नपत्रिकेत वधूचं आडनाव वराला आणि वराचं वधूच्या बापाला लागलं होतं. ढळढळीत दिसत होतं. सरांनी कलती मान करून प्रूफ डोळ्यांजवळ नेलं, लांब धरलं, पुन्हा जवळ नेलं आणि खाली ‘ठीक’ लिहून दिलं. मला शिवीसुद्धा दिली नाही. ते गेल्यावर मी चूक दुरुस्त केली. वाईट वाटलं. स्पष्ट सांगायचं तर त्या दिवशी मला कामच सुचेना.

माझ्याकडे नाटकांच्या जाहिरातींसाठी वापरायचे जुने लाकडी खिळे, म्हणजे अक्षरांचे ठोकळे होते, पंजाएवढं एकेक अक्षर. मोठ्या कागदांवर मी त्या खिळ्यांनी दिवसाच्या मुख्य बातम्या छापल्या आणि सरांच्या ओटीवर नेऊन ठेवल्या. सरांनी ते कागद हातात धरले, हात पुरेनात म्हणून खाली पसरले, उभे राहून वाकले.

"हे काय? एक वाक्य वाचायला मी ओटीभर चालायचं?"

"वाचता येतं ना? मग चाला."

"भीक घालू नकोस, छापखाना. घेऊन जा हे." आणि मी गुंडाळायला लागलो तेव्हा म्हणाले, "दुसऱ्या ओळीतल्या ‘की’ची वेलांटी तुटकी आहे. लाज वाटत नाही?"

म्हणजे वाचलं होतं. पण पुन्हा नेलं तेव्हा त्यांनी दाराला कडी लावून घेतली.

मग तो नवा कागद खरोखरच आला. दोन हजार सालाला बरीच वर्षं उलटली होती, मे महिना होता, आंबा बाजारात ओसंडत होता आणि श्रीधर अमेरिकेहून सुट्टीला आला तो ती वस्तू घेऊनच. सकाळी काकूंनी मला हाक मारली. "बाबा रे, ये लवकर. त्याने आणलंन ते." ओटीवर निम्मी गल्ली जमली होती. टाळ्या वाजवायला माणसं हवीतच.

मी बघितलं आणि मला फसवल्यासारखं झालं. शाळेतल्या पाटीएवढी, पांढऱ्या प्लॅस्टिकच्या चौकटीतली एक ताठ वस्तू. श्रीधर सांगत होता, पुस्तकं संध्याकाळी भरून देतो, मराठी अजून दिसत नाही, मराठीच्या जागी नुसते चौकोन येतात. म्हणजे इतक्या वर्षांच्या वायद्यांनंतर चौकोन! पण सरांचं तिकडे लक्ष नव्हतं. ते वस्तू घेऊन अंगणात गेले, भर उन्हात, जांभ्याच्या पायरीवर बसले. श्रीधरने अक्षर मोठं केलं, आणखी मोठं केलं, सगळ्यात मोठं केलं.

सरांची मान कलली. ओठ हलायला लागले. मग त्यांनी बटण दाबलं, पान पुन्हा भरलं, पुन्हा ओठ हलले. उन्हात घाम निथळत होता, काकू छत्री धरायला गेल्या तर त्यांनी हाताने बाजूला केलं. ते वाचत होते. कुणी चावून दिलेलं नाही, स्वतःचं. इतक्या महिन्यांनी त्यांच्या चेहऱ्यावरचा तो तिरकस भाव पार गेला होता आणि त्याच्या जागी भुकेल्या माणसाचा चेहरा होता. माझा धंदा बुडत होता त्या क्षणी, आणि बुडू दे असं मला वाटलं, हे मी कबूल करतो.

काय वाचत होते ते मी मागे जाऊन बघितलं. ती वस्तू कशी वापरावी याची सूचनापुस्तिका होती. वर भलंमोठं ‘वेलकम’ आणि खाली कंपनीचं गोड बोलणं.

एवढ्यावर थांबले असते तर. पण ओटीवर गल्ली जमलेली, आणि इतकी वर्षं ज्यांनी हसून घेतलं ते सगळे समोर. सर उठले. पहिल्या पानावर परत गेले. वस्तू उंच धरली.

"वाचून झालं," ते म्हणाले. "आता हे बघा."

श्रीधर ओरडला, "काका, नको!" पण बोटांना सराव फार झाला होता. एकच झटका. पापड मोडावा तसा आवाज आला.

श्रीधरने ती वस्तू हातात घेतली. मधोमध तडा, खालच्या अर्ध्या भागावर रेघाच रेघा, आणि वरच्या अर्ध्या भागात ‘वेलकम’ जसंच्या तसं. बटणं दाबून काही होईना.

"आत काच असते काका," श्रीधर रडकुंडीला येऊन म्हणाला. "हा वाकत नाही. वाकणारा पुढच्या वर्षी येतोय."

सर एवढंच म्हणाले, "कागद काचेवर केलानीत गाढवांनी." आणि आत गेले.

पुस्तिका त्यांनी आणखी चार पानं वाचली असती तर ‘वाकवू नका’ असं लिहिलेलं होतं म्हणे. श्रीधरने मला नंतर सांगितलं. मला त्याला फटकवावंसं वाटलं. कात्रणं कुणी पाठवली होती इतकी वर्षं? त्याने परत गेल्यावर दुसरी वस्तू पाठवली, ती पावसाळा संपल्यावर पोचली. तोपर्यंत सगळ्यात मोठं अक्षरसुद्धा सरांच्या डोळ्यांपुढून गेलं होतं. काकूंनी ती कपाटात ठेवली. सरांनी तिला हात लावला नाही.

तडकलेली मात्र त्यांनी जवळ ठेवली. ओटीवरच्या खुर्चीत बसायचे, मांडीवर ती वस्तू. येईल त्याला विचारायचे, "अक्षर आहे ना?" काय लिहिलंय ते विचारत नसत, नुसतं आहे ना. ‘वेलकम’ होतंच. बॅटरी कधीच संपली होती, काच फुटली होती, तरी काळे कण वर ते वरच. "आहे सर," लोक म्हणायचे. "बघ," सर म्हणायचे, "वीज नाही, काही नाही. मी म्हणत नव्हतो?" त्यांचं सगळं चुकलं होतं आणि एवढं एक बरोबर होतं. ते हातचं जाऊ नये म्हणून दिवसभर पहारा चालायचा.

पुढच्या पावसाळ्यात मी आजारी होतो, सरांकडे जाणं झालं नाही. श्रावण उलटल्यावर गेलो. सर खुर्चीत होते, बारीक झाले होते. पायरवावरून ओळखलंनी.

"छापखाना, अजून चालू आहे तुझं दुकान?"

"आहे."

"लाज वाटत नाही?" मग मांडीवरची वस्तू माझ्याकडे वळवून त्यांनी विचारलं, "अक्षर आहे ना?"

मी बघितलं. आमची दमट हवा पुस्तकांचं जे करते तेच तिने या वस्तूचं केलं होतं. तड्यातून ओल आत शिरली होती. वरचा अर्धा भाग सगळा करडा, मळकट, ढगाळ. अक्षर नव्हतंच. काकू दारात उभ्या होत्या, त्यांनी मला डोळ्यांनी खूण केली, हो म्हण. गल्लीतले सगळे हो म्हणतच असणार, त्याशिवाय का सर अजून विचारत होते? टाळ्या द्यायची सवय ती. मला त्या सगळ्यांचा राग आला. या माणसाने मला जन्मभर गाढव म्हटलं, पण गोड खोटं एकदाही सांगितलं नव्हतं.

"नाही सर," मी म्हणालो. "गेलं. सगळं करडं झालंय."

काकूंनी तोंडाला पदर लावला. सरांची बोटं काचेवरून हळू फिरली, तड्यापाशी आली, तड्याच्या कडेने वर गेली, खाली आली. मग त्यांनी ती वस्तू उलटी केली आणि पालथी मांडीवर ठेवली.

मी उठलो. फाटकापाशी आलो तेव्हा पोस्टमन आत येत होता. मी थांबलो.

"कोण, पोस्टमन?" सरांनी विचारलं. "काय रे, अक्षर दिसतंय ना?"

"दिसतंय तर सर," पायरीवर टपाल ठेवत पोस्टमन म्हणाला. "एकदम झकास."

मांडीवर त्या वस्तूची पांढरी, कोरी पाठ वर होती. सरांनी मान कलती करून मी उभा होतो त्या दिशेला बघितलं, आणि गल्लीभर ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "ऐकलंस ना, छापखाना? जा, डोळे दाखवून घे."